हुकूम बोलायचा तो आवर्तसारणीने

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन-चार जणांत पंधरा-वीस मिनिटांत संपणारा, हात करण्याचा पत्त्यांचा खेळ हवा आहे. विषय विज्ञानाचा हवा, आणि विज्ञान नुसतं पानावरच्या चित्रापुरतं नको. असा खेळ आहे का, नसल्यास करता येईल का?

आहेतही आणि करताही येईल. विज्ञान शिकवताना मी बरीच वर्षं असे खेळ जुळवतो आहे. त्यातले बहुतेक कचऱ्यात गेले, एक टिकला. तो पुढे सविस्तर देतो. आधी तयार खेळांपैकी दोन सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण त्यांच्यामुळे नीट दिसते.

‘द क्रू’ हा थॉमस सिंग यांचा खेळ 2019 मध्ये जर्मनीत आला आणि 2020 मध्ये तिथला जाणकारांच्या खेळासाठीचा वार्षिक पुरस्कार त्याला मिळाला. चार रंगांची 1 ते 9 अशी 36 पानं, शिवाय चार अग्निबाणांची पानं. अग्निबाण म्हणजे कायमचा हुकूम. सगळे एकाच बाजूला असतात. कुठलं पान कुणाच्या हातात जायला हवं हे आधी ठरलेलं असतं आणि बोलायला जवळजवळ बंदी असते. अशा 50 मोहिमा आहेत. खेळ म्हणून फारच सुरेख, पण अंतराळ आहे ते गोष्टीत. अग्निबाणांच्या जागी हत्ती छापले तरी एकही नियम बदलावा लागणार नाही.

दुसरा ‘कॅट इन द बॉक्स’, मुनेयुकी योकोउची या जपानी रचनाकाराचा. यात पानाला आकडा असतो, रंग नसतो. पान टाकताना रंग तुम्ही जाहीर करायचा आणि मधल्या फळीवर त्या आकड्याच्या त्या रंगावर आपली खूण ठेवायची. ती जागा एकदा भरली की पुन्हा कुणाला ती वापरता येत नाही. उतारीचा, म्हणजे हातात पहिल्या पडलेल्या पानाचा, रंग आपल्याकडे नाही असं म्हटलंत, की त्या डावात तो रंग तुम्हाला कायमचा बंद. रंग चार आणि प्रत्येक आकड्याची पानं पाच, त्यामुळे कधीतरी कुणाच्या तरी हातात अशी पानं उरतात की ती कुठल्याच रंगाची असू शकत नाहीत. मग विरोधाभास झाला म्हणून डाव तिथेच थांबतो. श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने 1935 मध्ये मांडलेलं, पेटी उघडेपर्यंत जिवंत की मेलेलं हे न ठरलेलं मांजर इथे चित्रात नाही, नियमात बसलं आहे. बघेपर्यंत पानाचा रंग ठरलेला नसतो, हे खेळाडू स्वतः अनुभवतो. नुसता विकत आणून खेळायचा असेल तर हाच घ्या. मात्र अगदी नवख्यांसोबत पहिला डाव लांबतो आणि विरोधाभासाने गुण गमावलेला माणूस थोडा वेळ रुसतो.

आता स्वतः करायचा खेळ. मी एक कसोटी लावतो. पानावरचा आकडा अंगठ्याने झाका. हात कुणाचा झाला हे विज्ञानाच्या आधाराने सांगता येतं का? येत असेल तर विज्ञान खेळात आहे. बरेच खेळ इथेच गळतात. खनिजांचा घ्या. मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये मांडलेली काठिण्यश्रेणी बघितली की हातांच्या खेळासाठीच जन्माला आली असं वाटतं. शंखजिरे 1, जिप्सम 2, असं करत करत क्वार्ट्झ 7, पुष्कराज 8, कुरुविंद 9 आणि हिरा 10. जे दुसऱ्यावर ओरखडा काढतं ते जिंकतं. लहान मुलांसोबत जरूर खेळा, छान चालतो. पण दहा नावांचा क्रम पाठ झाला की संपलं. ॲपॅटाइट फ्लुओराइटला का हरवतं हे पानाकडे बघून कळत नाही. पाठांतर झालं, विचार झाला नाही.

माझा टिकलेला खेळ आवर्तसारणीवर आहे, आणि तो टिकला यात माझी हुशारी कमी, सारणीची जास्त. दुसऱ्या ते पाचव्या आवर्तातली (आवर्त म्हणजे सारणीची आडवी ओळ) मुख्य गणांची (गण म्हणजे उभा रकाना) मूलद्रव्यं घेतली, म्हणजे मधली संक्रमणी मूलद्रव्यं वगळली, की चार ओळी आणि प्रत्येकीत आठ अशी बरोबर 32 पानं होतात. लिथिअमपासून निऑनपर्यंत पहिली ओळ, सोडिअमपासून अरगॉनपर्यंत दुसरी, पोटॅशिअम ते क्रिप्टॉन तिसरी, रुबिडिअम ते झेनॉन चौथी. चौघांना आठ-आठ पानं. तिघे असतील तर निऑन आणि अरगॉन बाजूला काढा. 30 पानं उरतात, प्रत्येकी दहा. तीन-दोन-पाच खेळलेल्यांना हा हिशोब ओळखीचा वाटेल. त्याच 30 पानांत पाच जणही बसतात, प्रत्येकी सहा. दोघांसाठी तीसही पानं वाटून टाकली तर समोरच्याचा अख्खा हात आपल्याला कळतो आणि खेळात राम राहत नाही. दोघे असाल तर दहा पानं उपडी बाजूला ठेवा.

आवर्त हा पानाचा रंग. उतारी ज्या आवर्ताची, त्याच आवर्ताचं पान द्यायचं. नसेल तर कुठलंही. आणि हात कुणाचा? पडलेल्या सगळ्या पानांत ज्या मूलद्रव्याची विद्युतऋणता सर्वांत जास्त, त्याचा. मग ते उतारीच्या आवर्ताचं असो वा नसो. विद्युतऋणता म्हणजे बंधातली इलेक्ट्रॉनं स्वतःकडे ओढण्याची ताकद. हात ओढला असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः खरं होतं.

हुकूम वेगळा बोलावा लागत नाही, ही यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. सारणीत डावीकडून उजवीकडे जाताना ही ओढ वाढते आणि वरून खाली येताना साधारणपणे कमी होते. पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या मापनानुसार फ्लोरिन 3.98, क्लोरीन 3.16, ब्रोमीन 2.96, आयोडीन 2.66. म्हणजे आयोडीनची उतारी झाली आणि तुमच्याकडे पाचवं आवर्त नसलं, तर ऑक्सिजन (3.44) टाकून हात मारता येतो. नायट्रोजनचे 3.04, त्यामुळे तो ब्रोमीनलाही कापतो, पण क्लोरीनपुढे थोडक्यात पडतो. दुसरं आवर्त आपोआप हुकमासारखं वागू लागतं. चार-पाच डावांनंतर लिथिअमची उतारी करून इतरांकडचं दुसरं आवर्त काढून घेण्याची युक्ती खेळाडूंना आपसूक सुचते, आणि ती सुचली की समजावं, सारणीचा वरचा उजवा कोपरा त्यांच्या डोक्यात बसला.

दुसऱ्या टोकाची गंमत याहून मोठी आहे. रुबिडिअम (0.82) घेऊन हात करणं जवळजवळ अशक्य, म्हणून नवखा माणूस ते निरुपयोगी समजून पहिल्याच संधीला फेकून देतो. मुरलेला खेळाडू ते शेवटपर्यंत राखतो. शेवटच्या दोन-तीन हातांत रुबिडिअमची उतारी करा: ज्याच्याकडे पाचवं आवर्त उरलेलं नाही त्याचं जवळजवळ कुठलंही पान जिंकतं, त्याची इच्छा असो वा नसो. ज्याने एकही हात न करण्याची बोली केली असेल (बोली म्हणजे किती हात करणार ते आधी सांगणं) त्याच्या गळ्यात हात पडतो. रसायनशास्त्रात रुबिडिअम हेच करतं, बाहेरचं इलेक्ट्रॉन जो घेईल त्याला देऊन टाकतं.

पोटॅशिअम आणि रुबिडिअम दोघांचेही 0.82, तसेच कार्बन आणि सेलेनिअम दोघांचेही 2.55. बरोबरी झाली तर आधी पडलेलं पान वर. सेलेनिअमच्या उतारीवर कार्बन टाकून हात मिळत नाही, हे एकदा तरी कुणीतरी भांडून शिकतंच.

राजवायूंचं, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटच्या निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉनचं काय? नावात राजा असला तरी या खेळात त्यांना हात करता येत नाही. पॉलिंगचं मापन बंधांच्या ऊर्जेवरून काढलेलं आहे आणि बंधच नाही तर आकडा कुठून येणार. (क्रिप्टॉन-झेनॉनला पुढे आकडे दिले गेले, खेळात ते विसरा.) राजवायूला आपण कुठलंच आवर्त मानत नाही. तो कधीही टाकता येतो, उतारीच्या आवर्ताची पानं हातात असली तरी, आणि तो कधीही जिंकत नाही. युरोपातल्या जुन्या टॅरो खेळात विदूषकाचं पान असंच वागतं. राजवायूची उतारी झाली तर पुढचं पहिलं साधं पान आवर्त ठरवतं.

एकच अपवाद मी ठेवला आहे. नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने 1962 मध्ये झेनॉनचं संयुग करून दाखवलं आणि त्याच वर्षी झेनॉन आणि फ्लोरिन थेट जोडून झेनॉन टेट्राफ्लोराइडही तयार झालं. म्हणून झेनॉन आणि फ्लोरिन एकाच हातात पडले तर तो एक हात दोन म्हणून मोजायचा. कुणी तीन हातांची बोली करून फ्लोरिनने तिसरा हात ओढत असेल, तेव्हा त्यावर शांतपणे झेनॉन टाकण्यासारखं सुख नाही.

बोलीशिवाय मात्र हा खेळ खेळू नका. नुसते जास्तीत जास्त हात करायचे ठेवलेत तर फ्लोरिन-ऑक्सिजन-क्लोरीन ज्याला आले तो जिंकणार आणि बाकीचे वाट बघत बसणार. त्यापेक्षा जजमेंट या पत्त्यांच्या खेळासारखं करा. पानं बघून प्रत्येकाने किती हात करणार ते सांगायचं. शेवटच्याने असा आकडा सांगायचा नाही की बेरीज एकूण हातांइतकी होईल. बोली तंतोतंत साधली तर दहा अधिक हातांची संख्या एवढे गुण, नाही तर शून्य. सुरुवातीला मी शून्याच्या बोलीलाही दहा देत होतो. मग ज्याला दोन राजवायू आले तो डोळे मिटून शून्य बोलायचा आणि बहुतेक वेळा सुटायचा. आता शून्य साधलं तर पाचच देतो. तेवढ्याने राजवायूवाले विचारात पडतात.

वाटण्यापासून गुण लिहीपर्यंत तिघांचा एक डाव साधारण पाच मिनिटांत होतो. प्रत्येकाने एकदा वाटलं की खेळ संपला, असं धरलंत तर पंधरा मिनिटं.

आता मुद्द्याची गोष्ट: विद्युतऋणतेचे आकडे पानांवर छापू नका. मलाही आधी ते छापण्याचा मोह झाला होता. छापले, आणि मुलं नाव न वाचता आकड्यांशीच खेळू लागली; सारणी गेली खड्ड्यात. आता पानावर नाव, आवर्त आणि गण एवढंच असतं. कोण वर, हे जागेवरून ओळखायचं: उजवीकडचं आणि वरचं जास्त ओढतं. एक तक्ता मध्ये उपडा ठेवतो. वाद झाला तरच तो उलटायचा. नायट्रोजन मोठा की क्लोरीन? नायट्रोजन वर आहे, पण क्लोरीन उजवीकडे आहे. दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि चौघं चार मतं देतात. या खेळातली सगळी शिकवण अशा तिरक्या जोड्यांत आहे. एकाखाली एक असलेल्या फॉस्फरस (2.19) आणि अर्सेनिक (2.18) यांची जोडीही केसाच्या फरकाने सुटते.

सर्वांत रंगणारा वाद गॅलिअमचा. एकदा एका मुलीने शून्याची बोली केली होती. ॲल्युमिनिअमची उतारी झाली, दुसऱ्याने मॅग्नेशिअम दिलं. तिच्याकडे तिसरं आवर्त नव्हतं. तिने नीट विचार करून गॅलिअम टाकलं: गण तोच, ओळ खालची, म्हणजे ओढ कमी, हात ॲल्युमिनिअमचा. तक्ता उलटला तर ॲल्युमिनिअम 1.61 आणि गॅलिअम 1.81. हात तिच्या गळ्यात. ‘तक्ता चुकला आहे’ असं ती म्हणाली, आणि तिचा राग रास्त होता, कारण आम्ही शिकवलेला नियमच तिथे मोडतो. सिलिकॉन 1.90 आणि त्याच्याखालचं जर्मेनिअम 2.01, तिथेही हेच.

कारण फार सुंदर आहे. चौथ्या आवर्तात कॅल्शिअमनंतर लगेच गॅलिअम येत नाही. मध्ये स्कँडिअम ते जस्त अशी दहा मूलद्रव्यं आहेत, जी आपण खेळातून वगळली. ती ओलांडताना केंद्रकात दहा प्रोटॉन वाढतात आणि त्यासोबत आलेली दहा इलेक्ट्रॉनं आतल्या कवचात जातात. ही इलेक्ट्रॉनं केंद्रकाची ओढ नीट अडवू शकत नाहीत. त्यामुळे गॅलिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना अपेक्षेपेक्षा जास्त ओढ जाणवते. खेळात नसलेल्या दहा पानांनी तिचा डाव बुडवला. हे मी फळ्यावर अनेकदा शिकवलं आहे, पण ‘का?’ असं इतक्या तावातावाने कुणी विचारलं नव्हतं. (मेंडेलीव्हने 1871 मध्ये ॲल्युमिनिअमखाली जागा रिकामी सोडून ज्याचं भाकीत केलं, तेच हे गॅलिअम, ते 1875 मध्ये सापडलं.)

फसलेली एक रचनाही सांगतो, कारण तुम्हालाही ती सुचेलच. उतारीच्या पानापासून ज्याच्या विद्युतऋणतेचा फरक सर्वांत जास्त, त्याचा हात, असा नियम मी आधी केला होता. सोडिअमच्या उतारीवर क्लोरीन जिंकणार, क्लोरीनच्या उतारीवर सोडिअम. कागदावर किती छान! जास्त फरक म्हणजे जास्त आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला) बंध, अगदी पुस्तकातल्यासारखं. तीन डाव खेळल्यावर लक्षात आलं की उतारी करणाऱ्याचा स्वतःपासूनचा फरक शून्य, म्हणजे तो हात त्याला मिळणं शक्यच नाही. हात जिंकला की पुढची उतारी आपली, आणि उतारी आपली म्हणजे पुढचा हात गेला. लागोपाठ दोन हात कुणालाच करता येत नव्हते. हातांच्या खेळात उतारी ही मिळकत असावी लागते. तिथे ती शिक्षा झाली होती. शिवाय दर हाताला वजाबाकी. आयनिक बंधासाठी ढोबळमानाने 1.7 चा फरक धरतात, त्यावर जादा गुण देण्याची जोडही नंतर करून पाहिली. लोक मोजत बसले आणि खेळ रेंगाळला. सोडून दिली.

हायड्रोजन कुठे गेला, हे कुणीतरी विचारणारच. त्याचे 2.20, म्हणजे पहिल्या गणात बसवला तरी वागतो बोरॉन आणि कार्बनच्या मधल्यासारखा. त्याचं आवर्त दोनच मूलद्रव्यांचं, त्यामुळे त्याला रंग देता येत नाही. मी त्याला बाहेरच ठेवतो.

करून बघायला छपाईची गरज नाही. पत्त्यांचा जुना कॅट घ्या आणि सत्तीपासून एक्क्यापर्यंतची पानं ठेवा. चार रंगांची मिळून बरोबर 32 होतात. इस्पिक म्हणजे दुसरं आवर्त, बदाम तिसरं, चौकट चौथं, किलवर पाचवं. सत्ती पहिला गण, अठ्ठी दुसरा, नव्वी (मधले वगळून) तेरावा, तिथून चढत चढत राजा म्हणजे सतरावा गण, आणि एक्का राजवायू. नावं मार्करने पानांवर लिहा. एक्का कधीच जिंकत नाही याची सवय व्हायला जुन्या खेळाडूंना सर्वांत जास्त वेळ लागतो. बदामचा एक्का टाकून हात ओढायला पुढे झालेले हात मी कितीदा तरी मागे ढकलले आहेत.

पुढे स्वतःची पानं केलीत तर नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात घ्या, म्हणजे पानं पंख्यासारखी धरल्यावर दिसेल. आवर्त नुसत्या रंगाने दाखवू नका, सोबत एखादी आकृती किंवा ठळक अंक द्या. लाल-हिरवा फरक न दिसणारा एखादा खेळाडू गटात असतो आणि तो ते बोलून दाखवत नाही, नुसतं चुकीचं पान टाकतो. मग आवर्त असून दिलं नाही म्हणून त्याच्यावर आरडाओरडा होतो.

नवखे असतील तर पहिला डाव बोलीशिवाय, पानं उघडी मांडून खेळा, आणि त्या एका डावापुरता तक्ता उलगडून ठेवा. दुसऱ्या डावाला तो उपडा करा. झेनॉनचा अपवाद तिसऱ्या डावाआधी सांगू नका.